आदेशाची एक प्रत शाळेलाही द्या

प्रति,
राज्यातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांचे मा. अध्यक्ष व मा. सचिव,
तालुका विधी सेवा समित्यांचे मा. अध्यक्ष,
आणि या समित्यांच्या पॅनेलवरील सर्व वकीलमंडळी यांस,

विषय : कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांतली मुलं आणि त्यांची शाळा

स. न. वि. वि.

मी एका जिल्हा परिषद प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका. तालुका ऊसतोडीचा, दिवाळी सरली की आमचा निम्मा पट फडावर असतो. या पत्राखाली माझं नाव नाही, गावाचंही नाही. भीतीमुळे नव्हे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे ज्या मुलाचं प्रकरण न्यायालयात किंवा समितीपुढे आहे त्याचं नाव, पत्ता, शाळा जाहीर करता येत नाही. माझं नाव छापलं की शाळा कळली, आणि शाळा कळली की पोरगी कळली. लहान गावात तेवढंच अंतर असतं.

ती तेव्हा चौथीत होती, भाऊ पहिलीत. सप्टेंबरात एकदा मधल्या सुट्टीत ती ऑफिसात आली आणि दप्तरातून प्लास्टिकची पिशवी काढून टेबलावर ठेवली. आत दोघा भावंडांची आधार कार्डं, रेशन कार्ड, आईचं पासबुक आणि भावाचं लसीकरणाचं कार्ड. म्हणाली, "बाई, हे तुमच्या कपाटात ठेवा. घरी जाळतेत." मी विचारलं, कोण जाळतंय? तर म्हणे, "मागं एकदा जाळलंय. आईनं परत काढलं."

सत्तावीस वर्षं शिकवतेय. मारझोडीच्या घरातलं पोर ओळखायला आता फार दिवस लागत नाहीत. मोठा आवाज झाला की वही छातीशी धरणारं पोर, शाळा सुटली तरी व्हरांडा झाडत बसणारं पोर, धाकट्या भावाला आपल्याच वर्गात बसवा म्हणून हट्ट धरणारी बहीण. पण घरातली कागदपत्रं आधी सुरक्षित जागी हलवायची, हे दहा वर्षांच्या पोरीला सुचलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. वकील लागायच्या आधी तिने आपला साक्षीपुरावा माझ्या लोखंडी कपाटात आणून ठेवला होता.

दसऱ्यानंतर तिची आई मुलांना घेऊन माहेरी निघून आली. डोक्याला चार टाके होते. माहेर शाळेपासून अडीच किलोमीटरवर, म्हणून मुलांची शाळा तुटली नाही. हा निव्वळ योगायोग. बहुतेकींचं माहेर दुसऱ्या तालुक्यात असतं, आणि मग बाई घर सोडते त्याच दिवशी पोरांची शाळाही सुटते.

ती नेमकी दसऱ्यानंतरच का निघाली, हे कोर्टातल्या माणसाला सांगावं लागतं; आमच्या गावात सांगावं लागत नाही. आमच्याकडे कोयता म्हणजे नुसतं अवजार नाही, कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मजूर पुरवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, देतो ती कोयत्याला. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला कोण विचारतो? पावसाळ्यात उचल घेतलेली असते, ती कधी लग्नात, कधी दवाखान्यात, कधी दारूत गेलेली असते. बाई निघून गेली तर संसार मोडायचा तेव्हा मोडेल, कोयता त्याच दिवशी मोडतो आणि उचल अंगावर राहते. म्हणून तिला परत न्यायला नवऱ्याच्या आधी मुकादमाचा माणूस येतो. छापील नमुन्यांत 'आर्थिक छळ' असा मथळा आहे खरा, पण ही गोष्ट त्यात लिहिलेली मी अजून पाहिलेली नाही. ती वकिलाने विचारून काढावी लागते. सहा महिन्यांची मजुरी आगाऊ उचलून झालेली बाई 'मला पोटगी हवी' एवढंच म्हणते. 'मला फडावर जायला लावू नका' हे कोर्टाला सांगता येतं, हे तिला ठाऊक नसतं.

तिला तालुका समितीकडून वकील मिळाला, फुकट मिळाला. हे चांगलं झालं आणि ते मी आधीच नोंदवून ठेवते. मात्र पहिल्या दिवशी तिला उत्पन्नाचा दाखला आणायला सांगितलं होतं. तलाठ्याकडे दोन हेलपाटे झाल्यावर ती माझ्याकडे आली. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये स्त्री आणि बालक यांची नोंद वेगळी आहे. त्यांना उत्पन्नाची अट नाही. हे मला माहीत होतं, कारण दर वर्षी तुमचंच शिबिर आमच्या शाळेत होतं आणि तुमचंच माहितीपत्रक नोटीस बोर्डावर लागतं. मी ते काढून तिच्या हातात दिलं. दाखल्याची गरज मिटली. माहितीपत्रक काही ती परत आणून देईना, मग बोर्डावर दुसरं लावलं.

आता त्या मंगळवारचं सांगते.

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. खिचडी वाटप चालू होतं. बाप मोटारसायकलवर फाटकाशी आला, मागे एक माणूस बसलेला. "पोरीला न्यायला आलोय, आजीला बरं नाही." आई माहेरी आहे, कोर्टात अर्ज पडलाय, हे सगळं मला माहीत होतं. मी म्हटलं, आईला विचारते. तो शांतपणे म्हणाला, "जनरल रजिस्टर काढा की बाई. बाप म्हणून कुणाचं नाव आहे?" नाव त्याचंच होतं. आईचंही होतं, पण फाटकाशी तो उभा होता आणि माझ्या हातात कागद कुठलाच नव्हता. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ मध्ये आधी बाप आणि त्याच्या 'नंतर' आई असं लिहिलेलं आहे. त्या 'नंतर'चा अर्थ 'बाप मेल्यावरच' असा घ्यायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात सांगितलं. पण गरम खिचडीचा डाव हातात धरून मी त्याला हा निकाल समजावणार होते का? आईचा फोन लागला नाही. सरपंचांचा लागला. ते म्हणाले, बाप आहे, नेऊ द्या, उगाच शाळेवर बालंट नको.

मी पोरीला जाऊ दिलं. एवढं एक वाक्य लिहायला मला आठ महिने लागले.

भावाला त्याने नेलं नाही. सहा वर्षांचं पोर फडावर ओझं. दहा वर्षांची पोरगी मात्र भाकरी थापते, पाणी आणते, मोळ्या उचलू लागते. मोडलेला कोयता तिने भरून काढायचा होता.

ती ६३ दिवसांनी परत आली, संक्रांतीच्या आदल्या दिवशी. आईने १०९८ वर, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन केला, तिकडच्या जिल्ह्यातली बाल संरक्षणाची माणसं कोपीपर्यंत, म्हणजे फडावरच्या झोपडीपर्यंत, पोहोचली आणि तिला घेऊन आली. पाचटाने तळवे चिरलेले होते. वर्गात ती पेन्सिल मुठीत धरून लिहायची.

त्या ६३ दिवसांत कोर्टात दोन तारखा झाल्या. पहिल्या तारखेला नोटीस बजावलीच गेली नव्हती; पत्ता गावचा आणि माणूस फडावर. दुसऱ्या तारखेला 'से', म्हणजे लेखी म्हणणं, दाखल करायला मुदत मागितली गेली. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात लिहिलंय काय? अर्ज आल्यापासून साधारणपणे ३ दिवसांत पहिली तारीख, आणि पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न. नोटीस बजावायचं काम संरक्षण अधिकाऱ्याचं, तेही दोन दिवसांत किंवा न्यायालय देईल तेवढ्या वाजवी मुदतीत. आमच्या तालुक्यातल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे तेव्हा आणखी दोन टेबलांचा कार्यभार होता. माणूस एक, गाडी नाही, गावं शंभराच्या वर. त्यांच्यावर मी चिडू शकत नाही. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना बजावलं की जिल्हा आणि तालुका पातळीवर महिला व बालविकास विभागाचे अधिकारी निवडून त्यांना संरक्षण अधिकारी म्हणून नेमा, आणि मोफत विधी सेवेची माहिती बायकांपर्यंत पोहोचवा. कायदा लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. संरक्षण अधिकारी नेमा हे जवळपास एकोणीस वर्षांनी पुन्हा सांगावं लागलं, यावर मी वेगळं काय बोलू?

पण माझी तक्रार उशिराबद्दल नाहीच. तारखा वेळेवर पडल्या असत्या तरी पोरगी फडावरच राहिली असती. कारण अर्जात ती नव्हती.

मी अर्जाची झेरॉक्स वाचली आहे. नवरा, सासू, दीर यांची नावं आणि वयं आहेत. मारहाणीच्या तारखा आहेत. मागण्यांमध्ये पोटगी, दवाखान्याचा खर्च, पुन्हा मारू नये असा आदेश. मुलांचा उल्लेख एका ओळीत, 'अर्जदारास दोन अपत्ये असून ती अर्जदाराजवळ राहतात.' ताब्याचा आदेश का मागितला नाही म्हणून मी वकीलसाहेबांना विचारलं. ते भले गृहस्थ आहेत, उगाच बोलणार नाही. म्हणाले, "मॅडम, मुलं तिच्याकडेच होती की. जे आहे ते कशाला मागायचं?"

सगळी गोम इथे आहे. तुम्ही जे हातून गेलंय ते मागता. मूल मात्र जायच्या आधी मागून ठेवावं लागतं.

कायदा करणाऱ्यांना हे सुचलं होतं, वकिलांना का सुचू नये? कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याच्या कलम २१ प्रमाणे अर्ज चालू असताना कुठल्याही टप्प्यावर मुलांचा तात्पुरता ताबा आईला देता येतो, आणि बापाच्या भेटीने मुलाला अपाय होईल असं वाटलं तर भेटही नाकारता येते. कलम १८ मध्ये, पीडित व्यक्ती बालक असेल तर तिच्या शाळेत शिरायला मनाई करता येते, असं शब्दशः आहे. शाळा हा शब्द खुद्द कायद्यात आहे हो! त्याच कलमात पुढे, पीडितेवर अवलंबून असणाऱ्यांना आणि तिला मदत करणाऱ्यांना त्रास देण्यावरही बंदी घालता येते, म्हणजे माझ्यासारखीचाही विचार झालेला आहे. मुलगी असेल तर ही वाट सरळ आहे. या कायद्यात 'पीडित व्यक्ती' म्हणजे स्त्री, त्यामुळे मुलगा असेल तर वकिलाला दोन ओळी जास्त लिहाव्या लागतील. 'अवलंबून असणारे' हा शब्द पकडावा लागेल, किंवा आदेशात नमूद केलेलं इतर कोणतंही कृत्य करायला मनाई करण्याचा जो शेवटचा अधिकार आहे तो वापरावा लागेल. पण दोनच ओळी. आणि कलम २३ प्रमाणे हे सगळं नुसत्या शपथपत्रावर, समोरचा हजर नसतानाही, अंतरिम म्हणून मागता येतं. नोटीस फडावर पोहोचायची वाट पाहायचं कारण नाही.

संरक्षण अधिकारी जो कौटुंबिक घटना अहवाल भरतात, ज्याला तुम्ही डीआयआर म्हणता, त्याच्या छापील नमुन्यात मुलांबद्दल काय विचारलंय ते एकदा बघा. मुलं किती, त्यांची नावं, वय, लिंग आणि सध्या कुणाजवळ राहतात. संपलं. कुठल्या शाळेत, कितवीत, शाळेत कोण सोडतं, कोण आणतं, हे विचारलेलं नाही. नमुना केंद्राच्या नियमांतला आहे, तो तुम्हाला बदलता येणार नाही. पण पॅनेलवरच्या वकिलाला तुम्ही जी फाइल देता तिच्यात एक पान जोडायला कुणाची परवानगी लागते? मुलाची शाळा, मुख्याध्यापकाचा फोन, जवळचं पोलीस ठाणं, आणि 'मुलाला शाळेतून नेण्याची भीती आहे का' एवढा एक प्रश्न. आई त्याचं उत्तर झोपेतून उठूनही देईल.

पुढे त्या बाईला दुसरी वकील मिळाली, वयाने लहान, पॅनेलवर नवीनच. तिने आधी मला फोन केला. अर्ज दाखल झाल्यावर मुख्याध्यापिकेला फोन करणारी वकील मी सत्तावीस वर्षांत ही एकच पाहिली. पोरीची हजेरी मागितली. मी हजेरी पत्रकाच्या साक्षांकित प्रती दिल्या, ६३ दिवसांच्या लाल फुल्या. तिने नवीन अंतरिम अर्ज टाकला, ताबा आणि शाळा दोन्ही मागितलं, आणि फेब्रुवारीत आदेश झाला. प्रमाणित प्रती हातात पडल्यावर तिने आईला सांगितलं, "एक तुमच्या मॅडमना द्या."

एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपला, माणसं गावात परतली. आणि तो पुन्हा फाटकाशी आला. तेच वाक्य, तीच मोटारसायकल. मी कपाटातून कागद काढून दाखवला. त्याने तो वाचला नाही. शिक्का बघितला, खालची सही बघितली, एक शिवी दिली आणि गेला. आदेश मोडला तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, हे मी त्याला सांगायला म्हणून पाठ केलं होतं. सांगायची वेळच आली नाही. पोलीसही बोलवावे लागले नाहीत.

हा सगळा फरक एका झेरॉक्सने पडला, आणि ती माझ्यापर्यंत आली ती एका तरुण वकिलाला सुचलं म्हणून. कलम २४ प्रमाणे आदेशाच्या मोफत प्रती पक्षकारांना, त्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याला आणि सेवा देणाऱ्या संस्थेला जातात. शाळा त्या यादीत नाही. नसू दे. 'आदेशाची प्रत अमुक शाळेच्या मुख्याध्यापकांना द्यावी' ही मागणी अर्जातच लिहिता येते. न्यायदंडाधिकारी नाही म्हणतील असं मला वाटत नाही. कुणी मागितलेलंच नसतं.

याच्यावर तुम्ही काय आक्षेप घ्याल ते मी स्वतःलाच विचारून पाहिलं. पहिला, घरची लक्तरं शाळेत कशाला? बरोबर आहे. म्हणून आईची संमती असेल तरच, आणि पूर्ण आदेश नको, शेवटचा हुकुमाचा भाग तेवढा पुरे. कुणी कुणाला कशाने मारलं ते मला वाचायचं नाही, ते मला पोरांच्या वह्यांवरून कळतं. दुसरा आक्षेप माझा मीच घेते, मुख्याध्यापकच बापाचा भाऊबंद निघाला तर? गावात हे होतं. मग प्रत केंद्रप्रमुखाकडे आणि गटशिक्षणाधिकाऱ्याकडेही जाऊ द्या. एकाच्या हातातला कागद गायब होतो, तिघांच्या हातातला सहसा होत नाही.

मुळात बाईनेच घर का सोडायचं, हाही प्रश्न आहेच. कलम १९ मध्ये नवऱ्याला राहत्या घरातून बाहेर काढायचा आदेश मागता येतो. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर सासऱ्याच्या नावावरच्या घरातही सुनेचा राहण्याचा हक्क मान्य केला. पण आमच्याकडचे अर्ज बाई माहेरी गेलीय असं धरूनच लिहिले जातात, आणि निवासाचा आदेश नुसता छापील नमुन्यात खूण केली म्हणून मागितला जातो, त्यावर युक्तिवाद होत नाही. पोरांच्या बाजूने बघाल तर निवासाचा आदेश म्हणजेच शाळेचा आदेश. घर टिकलं तर वर्ग टिकतो, मैत्रिणी टिकतात.

आणि माहेरी जावंच लागलं तर दाखला. शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी बापाची सही हवी असं मुख्याध्यापक सांगतात, कधीकधी वरूनही तसंच सांगितलं जातं. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम ५ मध्ये दुसऱ्या शाळेत जायचा हक्क आहे, दाखला ताबडतोब द्यायचा आहे, आणि दाखला यायला उशीर झाला तरी नवीन शाळेने प्रवेश अडवायचा नाही. किती वकिलांनी हे कलम कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जात वापरलंय? बाईला तालुक्याच्या कोर्टात एक तारीख, आणि जुन्या गावी दाखल्यासाठी सासरच्या दारावरून जायचं, हे दोन्ही का करायला लावायचं? विधी स्वयंसेवकाने एक पत्र लिहिलं तरी माझ्यासारख्या पुष्कळ मुख्याध्यापकांची भीड चेपेल.

ऊसतोडीबद्दल आणखी एक. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याच्या कलम २७ प्रमाणे बाई तात्पुरती जिथे राहते किंवा काम करते तिथल्या कोर्टातही अर्ज करता येतो, आणि आदेश देशभर चालतो. म्हणजे फडावर मार खाल्लेल्या बाईला कारखान्याच्या तालुक्यात अर्ज टाकता येईल. सहा महिने तिथे हजारो कोप्या पडतात. तिथल्या समित्यांनो, तुमचं एखादं शिबिर कोप्यांवर, रात्री, गाड्या भरून गेल्यावर घ्या. आमच्याकडचं शिबिर ९ नोव्हेंबरच्या आसपास होतं, कारण तो राष्ट्रीय विधी सेवा दिवस. १९८७ चा कायदा १९९५ मध्ये त्या दिवशी लागू झाला. फलक लागतो, दीपप्रज्वलन होतं, मान्यवरांना गुलाबपुष्प. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं, त्या बाया तेव्हा चारशे किलोमीटरवर मोळ्या बांधत असतात. गेल्या वर्षी शिबिराला पंधरा म्हाताऱ्या आणि आमची पाचवीची मुलं होती. त्याच आठवड्यात तो मंगळवार होता. एवढी विनंती आहे, आमच्या भागातलं शिबिर ऑगस्टमध्ये घ्या, पोळ्याच्या आधी. उचली वाटल्या जातात ते दिवस.

वकीलमंडळींच्या बाजूनेही बोललं पाहिजे. पॅनेलवरच्या वकिलाला प्रकरणामागे जे मानधन मिळतं, आणि ज्या मुदतीने मिळतं, त्यात तो फाइल घेतो हेच विशेष. आरोपींसाठी तुम्ही लोकअभिरक्षक कार्यालयं उघडली, पूर्ण वेळ पगारी वकील नेमले. ते योग्यच आहे. गरीब आरोपीलाही वकील हवाच. पण मग मार खाणाऱ्या बाईला आणि तिच्या पोरांना तारखेपुरता वकील का? आदेश मोडल्याबद्दल नवऱ्यावर खटला झाला तर त्याला पूर्ण वेळ वकील मिळू शकतो आणि तिचा वकील मात्र त्या दिवशी दुसऱ्या कोर्टात असतो. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही, पण झालंय असंच. प्रत्येक जिल्ह्यात निदान दोन पूर्ण वेळ वकील फक्त या कामाला द्या आणि त्यांना तालुक्याला येण्याजाण्याचं भाडं द्या. भाड्याचं मुद्दाम लिहितेय. ते कुणी लिहीत नाही.

तडजोडीबद्दल थोडक्यात, कारण या विषयावर माझा तोल जातो. समुपदेशन वाईट नाही. मात्र कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याच्या २००६ च्या नियमांप्रमाणे समुपदेशनात नवऱ्याला मारहाणीचं समर्थन करायची मुभाच नाही, आणि पुन्हा मारणार नाही अशी हमी आधी घ्यायची आहे. प्रत्यक्षात पहिलं वाक्य असतं, "तुम्ही काय केलं म्हणून त्यांनी हात उचलला?" आणि शेवटचं, "पोरांकडे बघून नांदायला जा." पोरांकडे बघून! ज्यांनी हे म्हटलं त्यांच्यापैकी एकानेही त्या पोरांकडे बघितलेलं नसतं. माझ्या वर्गात असतात ती. तडजोडीच्या दुसऱ्या दिवशी कोण गैरहजर असतं ते मला विचारा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) मार किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्क्यांनी कुणाकडे तरी मदत मागितली होती, असं निघालं. मदत मागणाऱ्याही बहुतेक माहेरच्यांकडेच जातात. वकिलापर्यंत पोहोचणारी म्हणजे मुठीतली मूठ. पण त्यांची मुलं रोज सकाळी दहा वाजता आमच्याकडे असतात. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याच्या कलम ४ मध्ये कुणालाही संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देता येते, आणि चांगल्या हेतूने दिली असेल तर देणाऱ्यावर ठपका येत नाही. पीडितेच्या वतीने दुसऱ्या माणसालाही अर्ज करता येतो. हे आम्हा शिक्षकांना कुणी सांगत नाही. आम्हाला वर्षाला पंधरा प्रशिक्षणं असतात, यावर एकही नसतं. तुमच्या एका वकिलाला शिक्षण परिषदेत एक तास द्या. आमचे केंद्रप्रमुख नाही म्हणणार नाहीत, चहा आम्ही देऊ. तिथे पोक्सोबद्दलही, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याबद्दलही, सांगा. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर कळवणं आम्हाला ऐच्छिक नाही, बंधनकारक आहे, आणि न कळवणं हाच गुन्हा आहे. अर्धे शिक्षक अजून 'आधी पालकांना बोलावू' असं म्हणतात, आणि कधी कधी पालक म्हणून तोच माणूस येतो.

माझ्या बाजूने काय देऊ शकते तेही लिहिते, म्हणजे हे नुसतं मागणं राहणार नाही. हजेरी पत्रक. दर महिन्याची वजन-उंची. मधल्या सुट्टीत कोण जेवत नाही याची माझी खासगी वही, जी मी कुठल्याच वरिष्ठांना दाखवलेली नाही, पण मागितली तर न्यायाधीशांना दाखवेन. शपथपत्र. गरज पडली तर साक्ष. फक्त समन्स परीक्षेच्या आठवड्यात काढू नका आणि दिवसभर बाकावर बसवून पुढची तारीख देऊ नका, कारण त्या दिवशी दोन वर्ग बिनशिक्षकाचे असतात. सत्तावीस वर्षांत मला एकाही अशा प्रकरणात साक्षीला बोलावलेलं नाही. जमिनीच्या दाव्यांत मात्र चार वेळा, जन्मतारखेसाठी.

पोरगी आता पाचवीत आहे, भाऊ दुसरीत. पेन्सिल अजून थोडी मुठीत धरते. प्रकरणाचा अंतिम निकाल झालेला नाही, पुढची तारीख सप्टेंबरात आहे. उचली वाटायला सुरुवात झालीय, आणि परवा मुकादमाची जीप माहेरच्या गल्लीत उभी होती असं भावाने वर्गात सांगितलं. आदेशाची प्रत कपाटात वरच्या कप्प्यात आहे, आधार कार्डांच्या पिशवीशेजारी. कपाटाची दुसरी किल्ली मी यंदा सहशिक्षिकेकडे दिली आहे, कारण मी पुढच्या मे महिन्यात निवृत्त होते.

त्या कपाटात सध्या ही एकच प्रत आहे. माझ्या अंदाजाने अजून किमान सहा घरांची असायला हवी. तालुक्यात अशा १४० शाळा आहेत.

आपली विश्वासू,
एक मुख्याध्यापिका,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा